अकाली अन्नारंभ

शिशूचे वय सहा महिने पुरे होण्यापूर्वीच त्यास आईच्या दुधाखेरीज घन वा पातळ अन्न भरविण्यास आरंभ करणे, यास अकाली अन्नारंभ म्हणतात. वरचे दूध, पाणी, मध व घुटी यांनीही निव्वळ स्तन्यपानाचा भंग होतो. औषधे, जीवनसत्त्वांचे थेंब व जलसंजीवनी यांस मात्र मुभा आहे. सहा महिन्यांची मर्यादा जागतिक आरोग्य सभेने २००१ साली ठरविली. तत्पूर्वीचा दंडक चार ते सहा महिन्यांचा होता. सबब चौथ्या महिन्यात वरणाचे पाणी सुरू करण्याची ताकीद दवाखान्यातूनच ज्यांना मिळाली, त्या आजीबाईंना आज अडाणी ठरविणे न्याय्य नव्हे.

पहिल्या काही महिन्यांत पिष्टमय पदार्थ पचविणारा स्वादुपिंडाचा स्राव अल्प असतो आणि तोंडात घातलेला घास जिभेने बाहेर लोटण्याची उपजत क्रियाही ओसरलेली नसते. आईच्या दुधातील लोह थोडे, पण सहज शोषले जाणारे; धान्यकडधान्यांतील घटक त्या शोषणास अडथळा आणतात. अस्वच्छ वाटीचमच्यातून अतिसार जडतो तो निराळाच. शिवाय पातळ पेजेने पोट भरलेले मूल कमी ओढते आणि ओढणे घटले की दूधही घटते. मग ‘अंगावरचं पुरत नाही’ ही तक्रार, जी आरंभी बहुधा निराधार असते, अखेरीस खरी ठरते.

उदाहरणादाखल नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर घ्यावे; हा कापसाचा मुलूख. येथे व एकंदर मराठवाड्यात अन्नारंभाचा विधी म्हणजे उष्टावण: मामाने खिरीचे बोट चाटवावे, मुलाचे सम महिन्यात, सहाव्या वा आठव्या, आणि मुलीचे विषम महिन्यात, पाचव्या वा सातव्या. सुश्रुतानेही सहावाच महिना सांगितला आहे. म्हणजे मुलीचा पाचवा महिना वगळता रूढीचे आणि वैद्यकाचे फारसे भांडण नाही. खरा भंग विधीबाहेर होतो: सहाणेवर उगाळलेल्या हळकुंड, मुरडशेंग, वेखंडाच्या वळशांत, चहात बुडविलेल्या बिस्किटात, आणि वैशाखात घसा सुकेल म्हणून पाजलेल्या पाण्यात, जरी त्या उन्हातही दूधच पुरेसे असते, कारण त्याचा सुमारे ८८ टक्के भाग पाणीच आहे. मधात क्वचित असणाऱ्या जंतुबीजांपासून अर्भकास पक्षाघातासारखा विकार होऊ शकतो, म्हणून वर्षापूर्वी तो वर्ज्य. ‘लेकरू ताटाकडं बघायलंय’ हे घरचे कारण मात्र सर्वस्वी निरर्थक नाही: अन्नाविषयीचे कुतूहल हे सिद्धतेचे एक लक्षण आहेच, ते एकटे पुरत नाही, मान सावरणे व आधाराने बसणेही लागते.

तथापि अकाली अन्नारंभाचे मुख्य कारण श्रद्धेत नसून मजुरीत आहे. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात येते, वेचणीचा मोबदला किलोवर मिळतो, आणि बांधावर बसून पाजण्यात गेलेला वेळ तराजूत उणा पडतो. बाळंतीण रानात परतली की लेकरू सासूच्या हवाली होते आणि सासूच्या हाती पेजेची वाटी येते.

कायद्याने बाजार बांधला आहे: १९९२च्या अधिनियमाने, २००३च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालील मुलांच्या डबाबंद आहाराच्या जाहिरातीस मनाई आहे. देशात सहा महिन्यांखालील निव्वळ स्तन्यपान २०१५–१६ मधील ५४.९ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ६३.७ टक्क्यांवर आले. बाळंतपणाची भरपगारी रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांची. परंतु ती नोकरदारणीस, वेचणाऱ्या बाईस नव्हे. रोजगार हमीच्या कामावर पाच वा अधिक लहान मुले असल्यास ती सांभाळण्यास एक बाई नेमण्याचे कलम आहे. खाजगी मालकाच्या कपाशीत तशी काहीच तजवीज नाही.