दूरचा धनी आणि घाटाखालची जमीन

परदेशीं नोकरी करून राहिलेल्या गृहस्थाला परतीचे वेध लागले म्हणजे त्याच्या मनांत प्रथम घराचा विचार येतो. सामान बांधण्यापूर्वीं पांच-सात वर्षें, केव्हां केव्हां त्याहूनहि आधीं, तो घर घेऊन ठेवूं पाहतो. मुंबईचे भाव आंवाक्याबाहेरचे, पुण्याची गर्दी नकोशी. मग त्याची दृष्टि कर्जत-खालापूरच्या बाजूस वळते. तेथें डोंगर आहे, उल्हास नदी आहे, मुंबईस जाणारी लोकल गाडी आहे. खालापूर तालुक्यांतून जाणारा मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला, आणि नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्यें झालें. एवढी सोय पाहून तो पैसे पाठवितो. ज्या जमिनीवर आपलें घर उभें राहणार तिची पूर्वपीठिका मात्र तो सहसा विचारीत नाहीं. वास्तविक दूर राहणाऱ्या धन्याशीं या दोन तालुक्यांचा संबंध फार जुना आहे, आणि तो सर्वस्वीं गोड आहे असें म्हणतां येत नाहीं.

घाटाखालचा हा मुलूख पूर्वीपासून वाटेवरचा. पुण्याहून कोंकणांत उतरणारा प्रवासी बोरघाट संपवून खोपोलीस टेकत असे. नाना फडणविसांनीं येथें तळें बांधलें व महादेवाचें देऊळ उठविलें. त्यांनीं येथें स्वतःसाठीं वाडा न बांधतां वाटसरूसाठीं पाणी केलें, ही गोष्ट पुढील हकीकत ऐकतांना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८६३ सालीं बोरघाटांतून लोहमार्ग सुरू होईपर्यंत मधला चढ लोकांना पालखींतून, घोड्यावरून किंवा पायीं चढावा लागे.

दूरच्या माणसानें येथें घर बांधण्याची प्रथा पडली ती माथेरानावर. कर्जत त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे आणि खालापूर हा कर्जतचाच एक पोटविभाग होता. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० च्या मे महिन्यांत चौक गांवाहून डोंगर चढून माथा पाहिला आणि पुढें तेथें आपलें घर बांधलें. पाठोपाठ गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांची मर्जी बसली, आणि पाहतां पाहतां झाडींत बंगले दिसूं लागले. १९०७ सालीं आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानें नेरळहून वर जाणारी चिमुकली आगगाडी सुरू केली. ह्या बंगल्यांचे मालक थंडींत व उन्हाळ्यांत चार दिवस येत. पावसाळ्यांत डोंगर ओस पडे. साहेब मंडळी पुढें आपल्या देशीं परतली आणि मुंबईच्या धनिकांचीं नांवें फाटकांवर आलीं. धनी बदलला तरी तो दूरचाच राहिला. घराला वर्षभर ऊब दिली ती राखणदारानें व माळ्यानें. परंतु माथेरानच्या बंगल्यानें कोणाच्या तोंडचा घांस काढून घेतला असें फारसें झालें नाहीं. खरी कठीण गोष्ट डोंगराच्या पायथ्याशीं, भाताच्या खाचरांत घडत होती.

तेथें शेत कसणारा एक व शेताचा मालक दुसरा, अशी स्थिति पिढ्यान्‌पिढ्या चालली होती. मालक शहरांत किंवा तालुक्याच्या गांवीं, कूळ चिखलांत. पीक खळ्यावर आलें कीं खंडाचें भात आधीं मोजून जाई, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पोटाला कमी पडलें म्हणजे तेंच भात वाढीदिढीनें कर्जाऊ आणावें लागे. १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचें दप्तर सुरू झालें खरें, पण कागदावर नांव लावून घेण्याची कला ज्याला लिहितां-वाचतां येतें त्यालाच अवगत! कुलाबा जिल्ह्यांतच, अलिबाग तालुक्यांतल्या चरी गांवच्या शेतकऱ्यांनीं १९३३ सालीं संप पुकारला आणि तो नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३९ पर्यंत चालविला. सहा वर्षें त्यांनीं जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले, पण खोतांच्या अटींवर नांगर धरला नाहीं. कर्जतच्या बाजूस माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल पुढें झाले. हा नाभिक घराण्यांतला वकील शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या उघडून बसला. हेतु असा कीं, अडल्या वेळीं भात सावकाराकडून आणावें न लागतां आपल्यांतूनच मिळावें. १९४२ च्या लढ्यांत विजेचे मनोरे पाडणाऱ्या दलाचे ते नायक झाले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. लोक त्यांना हुतात्मा म्हणून ओळखतात. धान्यकोठीची आठवण मात्र तितकी काढली जात नाहीं, हें खेदाचें आहे.

हा सारा असंतोष अखेर कायद्यांत उतरला. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानें कसणाऱ्याचा हक्क मान्य केला, आणि जो शेतकरी नाहीं त्यानें शेतजमीन विकत घेण्यास ६३ व्या कलमानें बंदी केली. पुढें दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशीं कूळ हें कायद्याच्या दृष्टीनें जमिनीचें खरेदीदार झालें. मालक अज्ञान असेल, विधवा असेल, शरीरानें किंवा मनानें अपंग असेल, तर त्याच्यासाठीं मुदत पुढें ढकलण्याची दया कायद्यानें दाखविली. नोकरीनिमित्त परमुलखीं असलेल्या धडधाकट मालकासाठीं तसें कांहीं नव्हतें. त्यामुळें कोंकणांतल्या कित्येक पांढरपेशा घराण्यांच्या जमिनी गेल्या व त्यांच्या मनांत तें शल्य राहिलें. त्यांचें दुःख खोटें नव्हतें. वडिलोपार्जित शेत जाणें कोणालाहि जड जातें. तरी पण कागदावरचा धनी व चिखलांतला धनी यांत एकाची निवड करणें कायद्याला भाग होतें, आणि त्यानें केलेली निवड न्यायाचीच होती.

आतां दुसरा धागा. मराठी माणूस समुद्रापार जाऊं लागला त्यालाहि काळ लोटला. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ चें आहे. परंतु मोठा ओघ सुरू झाला तो १९६५ सालीं अमेरिकेनें आपला प्रवेशाचा कायदा बदलल्यानंतर, आणि १९७३ नंतर तेलाच्या पैशानें आखाती देशांत कामें निघाल्यावर. हीं माणसें कमावून परत येण्याचा संकल्प करून गेलेलीं. तोंवर देशांत परकी चलनाची टंचाई होती. १९७३ चा परकी चलन नियमनाचा कायदा, जो १९७४ च्या आरंभीं अंमलांत आला, तो संशयी वृत्तीचा होता. परकी नागरिकत्व घेतलेल्याला येथें घर घ्यावयाचें तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. जून २००० पासून त्याच्या जागीं नवा, सौम्य कायदा आला. त्यानें अनिवासी भारतीयाला राहतें घर किंवा बिनशेती भूखंड घेण्याची सर्वसाधारण मुभा दिली. पैसा मात्र बँकेच्या मार्गानें आला पाहिजे. तीन गोष्टी त्यानें वगळल्या: शेतजमीन, मळेबागायत आणि शेतघर.

येथें मौज अशी कीं, कर्जत-खालापूरच्या जाहिरातींत सर्वांत अधिक मिरविलें जातें तें शेतघरच. परदेशांतील गृहस्थासमोर दोन दारें बंद आहेत आणि तीं दोन निराळ्या हातांनीं लावलेलीं आहेत. एक १९४८ चें, कसणाऱ्याच्या रक्षणासाठीं. दुसरें परकी चलनाच्या व्यवस्थेसाठीं. एखादा मूळचा शेतकरी असला, सातबारावर त्याचें नांव असलें, तर पहिलें दार त्याला उघडें. पण तो परदेशीं आहे तोंवर दुसरें बंदच. उलट भारतीय नागरिक कायमचा परत आला म्हणजे दुसरें उघडतें, आणि तो शेतकरी नसल्यास पहिलें तसेंच राहतें. वारशानें आलेलें किंवा देश सोडण्यापूर्वीं घेतलेलें शेत त्याला ठेवतां येतें. तेव्हां लौकर खरेदी करण्याचा उत्साह ज्याला आहे त्यानें तो घराच्या बाबतींत दाखवावा. शेताच्या बाबतींत उतावीळपणा केवळ व्यर्थच नव्हे, तर बेकायदा ठरतो.

कोणी मध्यस्थ सांगतो, 'नांव दुसऱ्याचें लावूं, आममुखत्यारपत्र करून घेऊं, परत आलांत कीं नांव फिरवूं.' दूरच्या माणसाला हें सोपें वाटतें. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे कीं, केवळ मुखत्यारपत्रानें व करारानें स्थावर मिळकतीची मालकी जात नाहीं. त्यासाठीं नोंदलेलें खरेदीखतच हवें. मुखत्यारपत्राचा योग्य उपयोग एवढाच कीं, आपल्या वतीनें भावानें किंवा बहिणीनें कचेरींत हजर राहावें. तेंहि परदेशांत रीतसर साक्षांकित होऊन येथें पोहोंचल्यावर तीन महिन्यांच्या आंत मुद्रांकित करावें लागतें.

सातबारा व त्यामागचे फेरफार वाचणें हें तर इतिहास वाचण्यासारखेंच आहे. इतर हक्कांच्या रकान्यांत '४३ व्या कलमास पात्र' असा शेरा दिसला तर समजावें, कीं येथें एके काळीं कूळ होतें व ही जमीन त्याला १९५७ च्या व्यवस्थेंत मिळाली. अशी जमीन विकण्यास सरकारची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षें झालीं असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती विकतां येऊं लागली. जुन्या मालकांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी असें नांव आढळलें तर अधिकच थबकावें. १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीनें घेण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि अशा रीतीनें गेलेल्या जमिनी परत देववण्याचाहि कायदा त्याच सालचा आहे. गुंठा-दोन गुंठे तोडून विकण्याची जी रीत पडली, तिला १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येत असे. तो पुढें एकाहून अधिक वेळां शिथिल केला गेला, तरी आपला तुकडा त्या सवलतींत बसतो कीं नाहीं हें विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर सोडूं नये. माथेरानच्या भोंवतालचा सुमारें २१५ चौरस किलोमीटर प्रदेश फेब्रुवारी २००३ मध्यें संवेदनक्षम म्हणून जाहीर झाला; पायथ्याचीं पुष्कळ गांवें त्यांत येतात, आणि तेथें बांधकामाचे नियम निराळे आहेत. तयार इमारतींतलें घर घेणाऱ्याची स्थिति त्या मानानें बरी. मे २०१७ पासून मोठ्या बांधकामांची नोंद स्थावर संपदा प्राधिकरणाकडे होते व ती परदेशांत बसूनहि पाहतां येते.

भाव वाढण्याच्या भीतीनें घाई करणाऱ्यांनीं आणखी एक हिशेब मांडावा. जून १९६६ मध्यें रुपयाचें अवमूल्यन झालें तेव्हां एका डॉलरला साडेसात रुपये पडूं लागले; २०२२ सालीं तोच डॉलर ऐंशीच्या पलीकडे गेला. परक्या चलनांत ज्याची पुंजी आहे त्याच्या दृष्टीनें येथील घराची महागाई दिसते तेवढी सारी खरी नसते. आणि दहा वर्षें बंद राहिलेलें घर घाटाखालच्या पावसांत काय होतें, तें माथेरानच्या कोणत्याहि जुन्या माळ्यास विचारावें. भिंतीला बुरशी, लांकडाला वाळवी, कुलुपाला गंज. शिवाय घरपट्टी व देखभालीचा खर्च कांहीं थांबत नाहीं.

पाऊस ही येथील मोठी गोष्ट आहे. नदीकांठचा भूखंड मार्च महिन्यांत पाहणाऱ्यास मोहक वाटतो. २६ जुलै २००५ रोजीं उल्हासनें काय केलें तें कर्जतकर विसरलेले नाहींत. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस त्याच नदीच्या पाण्यांत अडकली आणि हजारावर उतारूंना होड्यांतून काढावें लागलें. खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरडीखालीं गेली. सत्तावीस प्रेतें मिळालीं. पन्नासांवर माणसें ढिगाऱ्याखालींच राहिलीं. वाचलेल्यांना पायथ्याशीं नवीं घरें बांधून देण्यांत आलीं.

परतीची वाट पाहणारे या मुलखांत आणखीहि आहेत, आणि त्यांची गणना कोणी परदेशस्थांत करीत नाहीं. दिवाळी झाली कीं कातकऱ्यांचीं कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फेडीत सहा महिने परक्या गांवीं काढावयाचे. वाडीवरच्या झोपडीला कूड आहे, छप्पर आहे, पण कित्येक ठिकाणीं खालची जमीन दुसऱ्याच्या नांवावर, आणि तो दुसरा शहरांत. मधल्या काळांत जमिनीचा व्यवहार होतो, मोजणीदार येतो, तारेचें कुंपण पडतें. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरीपूर्वीं, तीं माणसें डोक्यावर भांडीं-बोचकीं घेऊन वाडीवर परततात, तेव्हां झोपडी जागेवर आहे कीं नाहीं हें त्यांना वळणावरून दिसेपर्यंत ठाऊक नसतें.