फुलांखालचा आधार

फुलदाणींतील फुलें सर्वांस दिसतात. त्यांस उभें धरणारा आधार दृष्टीआड राहतो. माझ्या मतें या कलेचा खरा इतिहास त्या आधाराचाच आहे.

इंग्लंडांत कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंनीं कुंपणावरच्या वेली, रानफळें, फार काय, केल नांवाच्या भाजीचीं पानेंसुद्धां सजावटींत आणून प्रतिष्ठितांस चकित केलें. त्यांचें 'फ्लॉवर डेकोरेशन' हें पुस्तक १९३४ सालीं निघालें. भांड्यांत त्या खुराड्याची तारेची जाळी चुरगळून बसवीत. समारंभ संपला कीं तीच जाळी धुऊन पुन्हा कामास येई. जपानी केन्झान, म्हणजे जड बैठकीवर रोविलेल्या पितळी सुया, तर वर्षानुवर्षें टिकतात. आमच्या मांडवाच्या दारीं सुतळीनें केळीचे खुंट बांधणारांस ही काटकसर कोणीं शिकवावयास नको होती!

पुढें १९५४ सालीं अमेरिकेंत ओहायो येथें व्हर्नन स्मिदर्स यांनीं पाणी शोषणारी हिरवी कृत्रिम वीट काढली. काम सोपें झालें हें खरें. पण एकदां देठांनीं पोखरलेली वीट पुन्हा फारशी उपयोगी पडत नाहीं, आणि तिचा चुरा मातींत कुजून जात नाहीं. या सोयीचा हिशेब होण्यास जवळजवळ सत्तर वर्षें लागलीं. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनें २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तिला मज्जाव केला, आणि मांडणी करणारे त्याच जुन्या जाळीकडे वळले.