जीडीसी : डी भाषेच्या फ्रंट एंडचे जीसीसीतील विलीनीकरण

जीडीसी हा डी या प्रोग्रामिंग भाषेचा, जीसीसी या अनेक भाषांच्या कंपायलर-संचावर आधारलेला कंपायलर होय. सुमारे चौदा वर्षे तो जीसीसीच्या बाहेर, स्वतंत्रपणे सांभाळला गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो मूळ प्रकल्पात दाखल झाला आणि मे २०१९ मध्ये जीसीसी ९.१ सोबत प्रथमच वितरित झाला.

कंपायलरचा फ्रंट एंड भाषेचे व्याकरण व नियम जाणतो, प्रोग्राम तपासतो आणि त्याचे अंतर्गत रूप तयार करतो. पुढचे भाग त्या रूपावर संस्करण करून विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञा तयार करतात. हे पुढचे भाग सर्व भाषांना सामाईक असल्याने एक फ्रंट एंड जोडला की अनेक प्रोसेसर त्या भाषेला खुले होतात. वॉल्टर ब्राइट यांनी लिहिलेला डीचा मूळ कंपायलर, डीएमडी, त्या काळी एक्स८६ घराण्यापुरताच होता. त्यामुळे डेव्हिड फ्रीडमन यांनी २००४ मध्ये डीएमडीचा फ्रंट एंड जीसीसीला जोडला, तेव्हा डीचे क्षेत्र एकदम विस्तारले. पुढे ही जबाबदारी इयन बक्लॉ यांनी उचलली.

बाहेर राहण्याची किंमत मोठी असते. जीसीसीची अंतर्गत रचना स्थिर राहील, असे वचन कोणी देत नाही. एखाद्या फंक्शनचे नाव बदलले किंवा एखादी सोय काढून टाकली की बाहेरचा कोड बांधलाच जात नाही, आणि दुरुस्ती करायला बाहेरचाच माणूस लागतो. प्रकल्पाच्या आत आल्यावर हा भार फिरतो: सामाईक भागात बदल करणाऱ्यानेच सर्व भाषांचे फ्रंट एंड चालते ठेवायचे असतात. विलीनीकरणाचा खरा अर्थ हा आहे. फाइली हलवणे हे त्यातले सोपे काम.

जीसीसीच्या सुकाणू समितीने जून २०१७ मध्ये मान्यता देऊन बक्लॉ यांना देखभालकर्ता नेमले. परीक्षण व दुरुस्त्यांमध्ये आणखी वर्षभराहून अधिक काळ गेला. मालकी मात्र पूर्णपणे एकवटली नाही. जोडकामाचा कोड फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा, तर डीएमडीतून घेतलेला भाग डी लँग्वेज फाउंडेशनचा आणि बूस्ट परवान्याखालील. त्या भागातली दुरुस्ती आधी मूळ डी प्रकल्पात करायची व तिथून जीसीसीत आणायची, असा शिरस्ता आहे. एकाच कोडला दोन घरे असली की हे पथ्य पाळावेच लागते; नाहीतर दोन्ही प्रती हळूहळू वेगळ्या होत जातात.

सर्वांत अवघड प्रश्न भाषेनेच उभा केला. डीएमडीचा फ्रंट एंड २०१५ मध्ये सी++मधून डीमध्ये रूपांतरित झाला. तो तसाच घेतला असता, तर डीचा कंपायलर बांधण्यासाठी आधी डीचाच कंपायलर हाताशी लागला असता. जीसीसी ९ मध्ये म्हणून जुनी, सी++मधली आवृत्ती ठेवण्यात आली. काही नव्या सुविधा त्यामुळे लांबल्या, तरी तो निर्णय योग्यच होता: केवळ सी++ कंपायलर असलेल्या यंत्रावरही डी उभी करता आली. २०२२ मधील जीसीसी १२ पासून फ्रंट एंड डीमध्येच लिहिलेला आहे. तेव्हापासून, ज्या यंत्रावर डीचा कोणताही कंपायलर नाही, तिथे आधी जीसीसी ११ पर्यंतची एखादी आवृत्ती बांधून तिच्यातल्या जीडीसीने नवी आवृत्ती बांधावी लागते.