उडीची कुळकथा

मेहरूणचं बोर जळगावच्या बाजारात नावानिशी विकलं जातं. तलावाकाठच्या या गावाचं नाव बोराच्या एका वाणालाच मिळालं आहे. थंडीत पोरं खिसे भरभरून ही बोरं खातात, आणि एखाद्याचं पोट दुखू लागलं की घरातली आजी आधी विचारते, ‘आठोळी तर गिळली नाहीस ना?’

आठोळी अडकून अपेंडिक्स होतं, ही समजूत अगदीच निराधार नाही. १७३५ च्या डिसेंबरात लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस अम्यांड यांनी ११ वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियाची शस्त्रक्रिया केली. हर्नियात आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, उतरलं होतं आणि गिळलेल्या टाचणीने त्याला भोक पाडलं होतं. आंत्रपुच्छ काढल्याची ही पहिली ज्ञात नोंद, आणि रोगी एक लहान मुलगा. तो वाचला. पण टाचणी हा अपवाद. एरवी मुलांमध्ये आंत्रपुच्छाच्या भिंतीतल्या लसिकाग्रंथी सुजतात, किंवा घट्ट मळाचा खडा त्याचं तोंड बंद करतो. असे खडे पूर्वी फळांच्या बियांसारखे वाटत. काही मिलिमीटरच्या त्या पोकळीत बोराची आठोळी शिरणं फार अवघड. बोराला दोष देण्यात वेळ दवडू नये.

हे दुखणं ओळखायचं कसं, हा प्रश्न मात्र दीडशे वर्षांपूर्वीही मोठ्या डॉक्टरांना सुटलेला नव्हता. उजव्या कुशीतल्या गळवाचा दोष मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला दिला जाई. १८८६ मध्ये बॉस्टनच्या रेजिनल्ड फिट्झ यांनी मूळ आंत्रपुच्छात असल्याचं दाखवलं आणि लवकर निदान, लवकर शस्त्रक्रिया असा आग्रह धरला. तीनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी एका बोटाने दाबून सर्वाधिक दुखरी जागा सांगितली: कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर, दीड ते दोन इंचांवर.

दुखणं तिथे सुरू होत नाही, तिथे पोचतं. आंत्रपुच्छाच्या नसा मज्जारज्जूच्या ज्या पातळीला मिळतात, तिथेच बेंबीभोवतीच्या नसाही मिळतात. म्हणून मूल आधी बेंबीवर हात ठेवतं. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की हात उजवीकडे खाली सरकतो.

हे अस्तर सुजलंय का, ते पाहण्याची युक्ती १९०७ मध्ये जर्मन शल्यविशारद ब्लुमबर्ग यांनी दिली. पोट हळूहळू दाबायचं आणि हात झटकन काढायचा. हात सुटताना कळ आली तर अस्तर सुजलेलं. मोठा माणूस हे सोसतो. लहान मूल एकदा कळवळलं की पोट आवळून धरतं, रडतं, पुन्हा हात लावू देत नाही. मग पुढची तपासणीच खुंटते.

ही अडचण हात न लावता सुटली. जॉर्ज मार्कल यांनी १९७३ मध्ये टाचांची चाचणी मांडली: रोग्याने चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा धपकन जमिनीवर टेकवायच्या. हादरा अस्तरापर्यंत जातो आणि दुखरी जागा रोगी स्वतःच दाखवतो. पुढे १९८६ मध्ये अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी लक्षणांना गुण देण्याची पद्धत आणली. मदन सॅम्युअल यांनी ४ ते १५ वर्षांच्या १,१७० मुलांचा अभ्यास करून २००२ मध्ये खास मुलांसाठी दहा गुणांचं कोष्टक मांडलं. खोकताना, पोटावर बोटाने टकटक केल्यावर किंवा उडी मारताना उजवीकडे दुखलं तर २ गुण. तिथेच दाबल्यावर दुखलं तर २. दुखणं सरकलं, भूक मेली, मळमळ किंवा उलटी झाली, ताप आला, तर प्रत्येकी १. उरलेले २ रक्ताच्या तपासणीचे.

दहापैकी आठ गुण सुई न टोचता मिळतात, ही या कोष्टकाची खरी किंमत. मेहरूणच्या फॅमिली डॉक्टरला आणि सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा-यावलकडच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला इथे सारखंच बळ मिळतं. हे गुण शेवटचा निकाल देत नाहीत. मूल घरी पाठवायचं, थांबवून काही तासांनी पुन्हा तपासायचं, सोनोग्राफी करायची की थेट सर्जनकडे न्यायचं, हे ठरवायला ते मदत करतात. चार वर्षांखालच्या मुलांसाठी हे कोष्टक बनलेलंच नाही. त्यांना कुठे दुखतं ते सांगता येत नाही आणि त्यांचं आंत्रपुच्छ बहुधा निदानाआधीच फुटलेलं असतं. त्यांच्याबाबत अधिक घाई हवी.

आईवडिलांनी एवढं ध्यानात ठेवावं. आधी दुखणं, मग उलटी, मग ताप, असा क्रम असेल, मूल वाकून चालत असेल किंवा उडी मारायला नकार देत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उडी मारता आली म्हणून निर्धास्त होऊ नका. दुखणं वाढत असेल तर पुन्हा दाखवा. आणि पोट साफ होईल म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचं औषध मुळीच देऊ नका. सुजलेलं आंत्रपुच्छ त्याने फुटू शकतं.