पाव शेर, लादीपाव आणि नवसाला पावणारा देव

मराठीतला ‘पाव’ तीन घरांतून आला आहे. पाव शेर दुधातला पाव संस्कृत ‘पाद’चा, म्हणजे चौथा हिस्सा. नवसाला पावणाऱ्या गणपतीतला ‘प्राप्’ धातूचा. वडापावातला मात्र थेट पोर्तुगालहून जहाजाने आलेला: नाकात उच्चारायचा ‘पांव’, मूळ लॅटिन ‘पानिस’. कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, हे आजही ठासून सांगितले जाते. ते साफ चूक आहे.

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकले आणि भाताच्या मुलखात पावाची भट्टी पेटली. यीस्टची अडचण माडाच्या सुरेने सोडवली; सुरेने पीठ फुगे आणि पावाला किंचित आंबूस चवही येई. सासष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइटांनी ही विद्या शिकवली, असे गोव्यात सांगतात. भट्टीवाला झाला पोदेर. कोंडा लावलेली, आतून पोकळ पोय, कडक कवचाचा उंडो, बांगडीसारखी कांकणं हे त्याच्याच हातचे. सायकलच्या हॉर्नचा ‘पों पों’ ऐकला की गोव्यातली घरे अजून दार उघडतात.

हाच शब्द बंगालात ‘पाउरुटी’ झाला, सिंहलीत आणि जपानीत ‘पान’. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले होते. पुढे १८७४ मध्ये टोकियोच्या किमुराया बेकरीने साकेच्या आंबवणाने पीठ फुगवले, आत अझुकी या कडधान्याचे गोड पुरण भरले आणि ‘अनपान’ विकायला काढला. दुसऱ्याच वर्षी तो सम्राट मेइजींपुढे गेला. गोव्यात सुरा, तिकडे साके: एकमेकांना न विचारता दोन्हीकडच्या कारागिरांनी गावच्या दारूतच पावाचा प्राण शोधला, याचे फार कौतुक वाटते.

आपल्याकडे मात्र पाव खाल्ला की माणूस बाटतो, अशी समजूत होती. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा कोकणात अजून ऐकू येतात. मुंबईत गोवेकर ख्रिस्ती माणसाला ‘माकापाव’ म्हणून हिणवत. त्याच मुंबईत गोवेकरांच्या आणि इराण्यांच्या बेकऱ्यांनी लादीपाव घरोघरी नेला, गिरणगावाने तो भाजीशी खाल्ला आणि १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी त्यात वडा घातला.

गोव्यातल्या बहुतेक भट्ट्यांत आता सुरेऐवजी यीस्ट आहे. तिकडे गेलात तर हॉटेलातल्या टोस्टवर भागवू नका. सकाळी हॉर्न वाजताच बाहेर या आणि पोदेराकडून गरम पोय घ्या.