धडधडत्या हृदयावरच्या रेघा

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. डॅशबोर्डवर सरासरी हिरवी दिसतेय म्हणून आत सगळं आलबेल असतंच असं नाही. हृदयाच्या बाबतीत हे कसं कळलं, त्याची ही गोष्ट.

1958 साली लंडनमध्ये डोनाल्ड टिअर या पॅथॉलॉजिस्टने अचानक गेलेल्या तरुणांच्या हृदयांचं वर्णन छापलं. दोन कप्प्यांमधली भिंत भलतीच जाड आणि स्नायूंचे तंतू अस्ताव्यस्त! हा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी नावाचा आजार. बहुतेक वेळा आनुवंशिक. सदोष जीन आई किंवा वडिलांकडे असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता 50 टक्के.

पण हे कळायचं शवविच्छेदनात. जिवंत माणसाचं काय?

त्याआधीच, 1953 मध्ये, स्वीडनमधल्या लुंडला एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाऊंड यंत्र उसनं आणून हृदयावर लावलं होतं. त्यातूनच इको जन्मली आणि 70च्या दशकात जाड भिंत पडद्यावर मोजता येऊ लागली.

गंमत म्हणजे, या आजारात दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं, हा आकडा बरेचदा नॉर्मल असतो, कधी जास्तच. म्हणजे डॅशबोर्ड हिरवागार!

1988 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या एलियास झेरहूनींनी एक भन्नाट युक्ती छापली. ठोका सुरू होताना एमआरआयने स्नायूवरच चुंबकीय रेघा मारायच्या. स्नायू हलला की रेघा वाकतात. चिरफाड नाही, काही नाही. आपण कोडमध्ये मध्येमध्ये प्रिंट टाकतो ना, तसंच! पुढच्याच वर्षी लिऑन अ‍ॅक्सेल यांनी रेघांची जाळी आखायची सोपी पद्धत दिली. 1994 मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं, की एकूण आकडा ठीक असला तरी ती जाड भिंत आखडते कमीच.

2001 मध्ये शेरिफ नागेह यांच्या गटाने टिश्यू डॉप्लर वापरून आणखी एक पाऊल टाकलं. जीनमध्ये दोष आहे, पण भिंत अजून जाड झालेली नाही, अशांच्याही स्नायूची गती मंदावलेली निघाली.

हे सगळं लांबचं वाटतंय? 2009 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या थंगराज यांच्या गटाने दाखवलं, की हृदयस्नायूच्या एका जीनमधली 25 अक्षरं सुमारे 4 टक्के भारतीयांत गायब असतात. त्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, धोका मात्र वाढतो.

आपल्याकडे तरणाताठा माणूस गेला की "नशीब!" म्हणून विषय संपवतात. पण अशा मृत्यूमागे हा आजार असू शकतो. म्हणून भावंडांची आणि मुलांची ईसीजी आणि इको करून घ्या. आणि घरात हा आजार निघालाच, तर एका नॉर्मल रिपोर्टवर थांबू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. भिंत नंतरही जाड होऊ शकते.