मिश्र-आकारी सेल्युलर जाळे : व्याप्तीचे गणिती प्रतिमान

उंच टॉवरवरची मॅक्रो, रस्त्याकडेच्या खांबावरची पिको आणि घरातली फेम्टो अशी लहानमोठी केंद्रे ज्या मोबाइल जाळ्यात एकत्र नांदतात, ते मिश्र-आकारी जाळे. त्यात कुठेही उभ्या असलेल्या माणसाला ‘रेंज’ मिळण्याची संभाव्यता म्हणजे व्याप्ती. आपल्या केंद्राच्या सिग्नलला इतर केंद्रांचा व्यत्यय आणि गोंगाट यांच्या बेरजेने भागले आणि उत्तर ठरावीक उंबरठ्याच्या वर आले, तर रेंज आहे असे धरतात.

बेल प्रयोगशाळेत १९४७ साली सेल्युलर कल्पना मांडली गेली. पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी रचना हीच अभियंत्यांची नेहमीची आकृती झाली. पण खरे टॉवर मिळेल त्या गच्चीवर उभे राहतात आणि षटकोनांवरून व्याप्तीचे सुटसुटीत सूत्रही निघत नाही.

जेफ्री अँड्र्यूज, फ्रांस्वा बाकेली आणि राधाकृष्ण गांटी यांनी २०११ मध्ये ही अव्यवस्थाच गृहीतक म्हणून घेतली. केंद्रे प्वासाँ बिंदुप्रक्रियेनुसार, म्हणजे पावसाच्या थेंबांसारखी, विखुरली आहेत असे मानले आणि सिग्नलचा चढउतार घातांकी वितरणाने मांडला, की असंख्य केंद्रांचा व्यत्यय एका लाप्लास रूपांतरात सामावतो. सिग्नलची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटत असेल आणि गोंगाट नगण्य असेल, तर उंबरठा १ असताना व्याप्ती सुमारे ०.५६ येते.

या सूत्रात टॉवरची घनता येतच नाही! टॉवर वाढले की जवळचा सिग्नल आणि व्यत्यय एकाच प्रमाणात वाढतात. लाभ होतो तो वेगळा: एका केंद्रावरची गर्दी घटते आणि प्रत्येकाच्या वाट्याला अधिक वर्णपट येतो.

हरप्रीत ढिल्लन यांनी या तिघांसह २०१२ मध्ये हे गणित अनेक स्तरांच्या जाळ्याला लावले. चौथ्या घाताच्या त्याच नियमात प्रत्येक स्तराचे वजन म्हणजे केंद्रांची घनता गुणिले शक्तीचे वर्गमूळ. म्हणून सरासरी सर्वांत प्रबळ केंद्र निवडायचे ठरवले, तर ४० वॅटचे एक मॅक्रो आणि ०.४ वॅटची दहा पिको यांच्यात ग्राहक निम्मे-निम्मे वाटले जातात. नोंदलेल्या फोनलाच जोडून घेणारे फेम्टो मात्र शेजाऱ्याला फक्त व्यत्यय देते. तिथे व्याप्ती खालावते.

प्रत्यक्षात कंपन्या आपले दोन टॉवर अगदी शेजारी उभारत नाहीत. त्यामुळे प्वासाँ प्रतिमान व्याप्ती थोडी कमी दाखवते, तर षटकोनी रचना ती जास्त दाखवते. टॉवरमधले हे अंतर टिपण्यासाठी जिनिब्रसारख्या, परस्परांना दूर ठेवणाऱ्या बिंदुप्रक्रियाही वापरल्या जातात.